परमुलखातील जुनी मोटार : छंद, कायदा आणि संसार

बडोद्याचे आमचे आप्त दरवर्षी एक प्रश्न नेमाने विचारतात. जर्मनीसारख्या देशात, जेथे नव्या मोटारी हप्त्याने सहज मिळतात, तेथे तुम्ही वीस-बावीस वर्षांची जुनी गाडी का बाळगता, आणि सुटीच्या दिवशी तिच्याखाली का निजता? प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागे काळजी असते. परदेशी मिळवलेला पैसा जपून वापरावा, मुलीच्या शिक्षणाची आणि वडीलधाऱ्यांच्या आजारपणाची तरतूद आधी करावी, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची रीत. त्या रीतीत जुन्या स्पोर्ट्स कूपेला जागा कोठे आहे, याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. आमच्याप्रमाणे बाहेर राहणाऱ्या, किंवा ज्यांची मुले बाहेर आहेत अशा वाचकांना त्यातून काही व्यवहारोपयोगी माहितीही मिळावी, अशी इच्छा आहे.

कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची, बसक्या बांध्याची मोटार. आम्हां उभयतांची जी आहे ती बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या तिसऱ्या मालिकेतील, २००१ साली रस्त्यावर आलेली. जाणकार मंडळी या पिढीला ‘ई-४६’ या कारखान्यातील सांकेतिक नावाने ओळखतात. हिची कूपे आवृत्ती १९९९ साली बाजारात आली आणि २००६ पर्यंत तिचे उत्पादन चालले. आमच्या गाडीत एका ओळीत बसविलेल्या सहा सिलिंडरांचे, २,४९४ घनसेंटिमीटरचे इंजिन आहे. त्याची शक्ती १९२ अश्वशक्ती. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि वजन पुढच्या-मागच्या आसांवर जवळजवळ निम्मे-निम्मे वाटलेले, अशी हिची रचना. त्यामुळे वळणावर गाडी मोठी समतोल वाटते. मागे दोन माणसांना बसण्यापुरती जागा असल्याने लहान मूल असलेल्या घरालाही ती अगदीच गैरसोयीची होत नाही.

गाडी चालविण्याचा अधिकार मिळवणे ही येथील पहिली पायरी. भारतीय परवान्यावर येथे वास्तव्यास आल्यापासून केवळ सहा महिने गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो. भारतात वीस वर्षे गाडी चालविलेल्या माणसालाही त्यातून सूट नाही. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावयाची, हा साधा नियम अंगी मुरण्यास आम्हांला बराच सराव करावा लागला. परंतु या परीक्षांमुळे एक गोष्ट मनावर बिंबली. येथे मोटार ही खाजगी चीज असली तरी रस्ता हा सार्वजनिक विश्वासाचा विषय मानला जातो.

खरेदी २०१९ साली झाली. गाडी १ लाख ३८ हजार किलोमीटर धावलेली होती आणि मालकाने ६,४०० युरो सांगितले होते. गाडी पाहावयास जाताना आम्ही शेजारच्या एका निवृत्त जर्मन फिटरला बरोबर नेले. त्यांनी आधी इंजिनाचे झाकण उघडले नाही. आधी कागद मागितले. नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, मागील तपासण्यांचे अहवाल आणि दुरुस्तीच्या पावत्या त्यांनी ओळीने मांडल्या, आणि मगच ते वाकून चाकांच्या कमानीत डोकावले. गाडी मूळ उंचीपेक्षा बरीच खाली बसली होती. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंगा बसविल्या होत्या. पण त्यांचा उल्लेख नोंदणीपत्रात नव्हता आणि त्यांच्याबरोबरचे कागदही सापडत नव्हते. स्प्रिंगेवर उठवलेला क्रमांक गंजाने खाऊन टाकलेला, त्यामुळे त्या कोणत्या बनावटीच्या हेही सिद्ध करता येईना.

ही बाब क्षुल्लक नव्हे. जर्मनीच्या वाहन-नियमावलीतील १९व्या कलमानुसार गाडीत असा बदल केला की ज्यामुळे तिचा प्रकारच बदलतो, रस्त्यावरील इतरांना धोका संभवतो, किंवा धूर आणि आवाज वाढतो, तर त्या गाडीचा रस्त्यावर धावण्याचा परवानाच संपुष्टात येतो. अपघात झाल्यास विमा कंपनी त्या बदलाकडे बोट दाखवू शकते, ते वेगळेच. म्हणून आम्ही मालकाला स्पष्ट सांगितले की, मूळ मापाच्या स्प्रिंगा बसविण्याचा खर्च किमतीतून वजा व्हावा. थोडी घासाघीस होऊन सौदा ५,८०० युरोंवर ठरला. गाडी घरी आणण्यापूर्वीच त्या अनोळखी स्प्रिंगा काढून टाकण्यात आल्या.

येथे या तपासणी-व्यवस्थेचा थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जर्मनीत सर्वतोमुखी असलेले ‘ट्यूफ’ हे नाव मूळचे मोटारींचे नव्हे, तर वाफेच्या बॉयलरांचे. १८६५ साली मानहाइम शहरातील एका दारूभट्टीतला बॉयलर फुटला. त्यानंतर तेथील कारखानदारांनी एकत्र येऊन १८६६ साली बॉयलरांची नियमित पाहणी करणारी संस्था स्थापन केली. सरकारी बडगा येण्यापूर्वीच मालकांनी स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते. पुढे याच परंपरेतील संस्थांकडे मोटारींची तपासणी आली. १९५१ पासून ठरावीक मुदतीची तपासणी सक्तीची झाली आणि १९६१ पासून मागच्या नंबरपाटीवर गोल रंगीत बिल्ला चिकटविण्याची पद्धत सुरू झाली. बिल्ल्याच्या मध्यभागी वर्ष आणि अगदी वर जो आकडा येतो तो महिना. तोवर तपासणीची मुदत. नव्या गाडीला पहिली तीन वर्षे आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी हे दिव्य करावे लागते. आज हे काम ट्यूफखेरीज डेक्रासारख्या इतर मान्यताप्राप्त संस्थाही करतात.

गाडीत हौशीने फेरफार करावयाचे असल्यास त्याचे तीन मार्ग आहेत. काही सुट्या भागांना सर्वसाधारण परवानगी असते. त्यांचा कागद गाडीत ठेवला की पुरते, मात्र त्या कागदावरील अटी वाचून घ्याव्या लागतात. काही भागांबरोबर तपासणी-अहवाल येतो. ते बसविल्यावर ताबडतोब गाडी निरीक्षकासमोर उभी करून बदल मान्य करून घ्यावा लागतो. आणि ज्या भागांना यांपैकी काहीच नसते, त्यांच्यासाठी स्वतंत्र, एकेका गाडीची खास तपासणी करावी लागते. ती खर्चिक असते आणि यशाची खात्री नसते. बाजारात मिळते म्हणून बसविले, ही सबब येथे चालत नाही. हॅलोजनच्या दिव्यात परवानगी नसलेला झगझगीत पांढरा बल्ब घालणे, आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सर पोकळ करणे, या गोष्टी पोलिसांच्या नजरेस पडल्या तर गाडी जागच्या जागी थांबविली जाऊ शकते.

आम्ही केलेले फेरफार मोजकेच आहेत. २०२० च्या वसंतात चारही शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगा नव्या घातल्या. त्या मूळ मापाहून २५ मिलिमीटर बसक्या असल्या तरी त्यांचा तपासणी-अहवाल सोबत होता. काम झाल्यावर चाकांची रेषा साधून घेतली, समोरच्या दिव्यांचा झोत पुन्हा जुळवून घेतला, आणि निरीक्षकाची मान्यता मिळवून नोंदणीपत्रात तशी नोंद केली. त्यानंतर पुढच्या आसाच्या दांड्यांचे झिजलेले रबरी बुश बदलले. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण गाडीच्या चालीत सर्वांत मोठा फरक या स्वस्त रबरी तुकड्यांनी पडला. ब्रेक लावताना स्टीअरिंगला येणारी थरथर थांबली आणि गाडी रेषेत चालू लागली. इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. वीस वर्षांच्या गाडीत शक्ती वाढविण्याआधी ती पेलणारे ब्रेक, टायर आणि पत्रा सुदृढ करावा, हे त्या निवृत्त फिटरचे म्हणणे आम्ही शिरोधार्य मानले.

देखभालीचा विषय याहून मोठा. या इंजिनाचे खरे दुखणे तेलाचे नसून पाण्याचे आहे. गाडी थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतील पाण्याची लहान टाकी, नळ्यांची तोंडे, थर्मोस्टॅटचे आवरण हे सर्व प्लॅस्टिकचे असून वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होते. एके दिवशी टाकीला चीर जाते, पाणी निघून जाते, आणि काटा लाल भागात गेल्यावरही गाडी तशीच हाकली तर ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होते. हेड वाकले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून टाकी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि नळ्या हे सर्व बिघडण्याची वाट न पाहता एकदमच बदलावे. आम्ही पहिल्या हिवाळ्यापूर्वीच ते उरकले. वितळबिंदू खाली नेणारे कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून भरले, आणि आतली हवा नीट काढली. हवेचा बुडबुडा अडकून राहिला तर नवे भागही कामास येत नाहीत.

इंजिनात साडेसहा लिटर तेल मावते. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर, दर १० हजार किलोमीटरांनी, आम्ही ते फिल्टरसह बदलतो. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावयाचे. इंजिनातील वाफा परत नेणारी झडप कडक थंडीत ओलाव्याने गोठते. हिवाळ्यात केवळ चार-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्याला तिचा विशेष त्रास होतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी गाडी पुरती तापेल इतकी लांब न्यावी. या इंजिनाला टायमिंगचा पट्टा नसून साखळी आहे, हे मात्र मालकाचे सुख.

हे सर्व काम करावयाचे कोठे, हा बाहेरगावच्या माणसाचा पहिला प्रश्न. बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरासमोर तीर्थरूप स्कूटर आडवी पाडून तिचा प्लग साफ करीत, आणि आळीतील चार माणसे सल्ला देण्यास जमत. येथे भाड्याच्या घराच्या आवारात तसे करण्याची सोय नाही. तेलाचा थेंब जमिनीत मुरणे हा गुन्हा समजला जातो आणि रविवारी खडखडाट केल्यास शेजारी नाराज होतात. परंतु शहराशहरांतून तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कार्यशाळा आहेत. तेथे गाडी उचलणारी लिफ्ट, पाने, दाब मोजणारी साधने मिळतात आणि अडल्यास विचारायला एक जाणता मिस्त्री असतो. काढलेले जुने तेल, ज्या दुकानातून नवे घेतले तेथेच तितकेच परत देता येते. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असा कायदा आहे. पावती मात्र जपून ठेवावी.

येथे आमच्या घरात श्रमविभागणी आपोआप झाली. एकाने गाडीखाली जावयाचे, दुसऱ्याने दुरुस्तीची पोथी वाचून कोणता बोल्ट किती जोराने आवळावयाचा ते सांगावयाचे. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, आणि पन्नास किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा तपासावयाचे, हे आमच्या मुलीलाही पाठ झाले आहे. मराठी न विसरता जर्मन कसे शिकावे, याची चिंता बाहेर सर्वांनाच असते. त्या कार्यशाळेत आमची जर्मन सुधारली, आणि गाडीखालून वर पाना मागताना मुलीची मराठीही पक्की झाली.

सर्वांत कठीण प्रसंग २०२० च्या उन्हाळ्यात आला. साथीमुळे कारखान्यांची कामे मंदावली होती आणि आमच्या घरातील एका नोकरीवर ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणजे कमी तासांची योजना लागू झाली. या योजनेत पहिल्या महिन्यांत गमावलेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि पदरी मूल असल्यास ६७ टक्के भरपाई मिळे. घर चालत होते, पण शिल्लक उरत नव्हती. नेमके त्याच सुमारास, गाडी लिफ्टवर असताना, मागच्या आसाच्या आधाराजवळ पत्र्यावर केसासारखी एक बारीक रेघ दिसली. तारेच्या ब्रशने रंग खरवडल्यावर खात्री झाली की ती चीर होती.

या पिढीच्या गाड्यांचे हे सर्वज्ञात वैगुण्य आहे. मागचा आस आणि डिफरन्शियल यांचा सांगाडा चार ठिकाणी गाडीच्या तळाच्या पत्र्याला जोडलेला असतो. वेग घेताना आणि सोडताना इंजिनाचा पीळ त्या पत्र्याला आलटून पालटून ओढतो आणि ढकलतो. पत्रा पातळ असल्याने कालांतराने वेल्डिंगचे टाके सुटू लागतात आणि चिरा पडतात. वेळीच लक्ष न दिल्यास आधार उखडू शकतो. दुरुस्तीसाठी सायलेन्सर, मागचा आस आणि पेट्रोलची टाकीही उतरवावी लागते. मग चिरा वेल्डिंगने भरून वर जाड पत्र्याची ठिगळे जोडावी लागतात. कारागिराने २,२०० युरोंचा अंदाज दिला.

त्या रात्री घरात जी चर्चा झाली ती गाडीविषयी कमी आणि संसाराविषयी अधिक होती. बँकेत तितके पैसे होते. पण ते बडोद्याला कोणी आजारी पडल्यास विमानाच्या तिकिटासाठी राखलेले होते. त्या राशीला हात लावावयाचा नाही, हे पहिले ठरले. गाडी तशीच चालवावयाची नाही, हे दुसरे. कारण मागच्या आसनावर मुलगी बसते. गाडी विकून टाकावी, हा तिसरा मार्ग होता. एका गृहस्थांनी तशी विचारणाही केली होती. परंतु त्यांना चीर दाखवल्यावर त्यांनी देऊ केलेली रक्कम भंगाराच्या भावाची होती. चीर न दाखवता विकणे शक्य होते, आणि तसे करणारे लोक आहेत. आम्हांला ते मान्य नव्हते. दुसऱ्याच्या मुलाबाळांना ज्या आसनावर बसवावयाचे, त्याखालचा तडा रंगाखाली झाकून कसे चालेल?

अखेर चौथा मार्ग निघाला. गाडीची नोंदणी तात्पुरती रद्द केली, म्हणजे कर थांबला. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही, म्हणून त्या निवृत्त फिटरने आपल्या गॅरेजमध्ये जागा दिली; भाडे म्हणून त्यांनी केवळ दर शनिवारी आमच्या हातचा आल्याचा चहा मागितला. दहा महिने आम्ही ट्रामने आणि सायकलने फिरलो. आस, टाकी आणि सायलेन्सर उतरविण्याचे काम आम्ही त्यांच्या देखरेखीखाली स्वतः केले. त्यामुळे कारागिराकडे केवळ वेल्डिंग उरले आणि खर्च १,१५० युरोंवर आला. कामाचे तास पूर्ववत झाल्यावर २०२१ च्या मे महिन्यात वेल्डिंग झाले, गंजरोधक मेण भरले गेले, आणि जूनमध्ये गाडी तपासणीस उभी राहिली.

तपासणीचे निकाल अनेक पायऱ्यांचे असतात: निर्दोष, किरकोळ दोष, लक्षणीय दोष, धोकादायक दोष, आणि शेवटी रस्त्यावर नेण्यास अयोग्य. लक्षणीय दोष निघाल्यास महिन्याच्या आत दुरुस्ती करून फेरतपासणीस यावे लागते. निरीक्षकाने वेल्डिंगचा प्रत्येक टाका दिव्याने पाहिला, स्प्रिंगांचे कागद नोंदीशी ताडले, ब्रेक रुळांवर घेतले, आणि ‘निर्दोष’ असा अहवाल दिला. बिल्ला चिकटवल्यावर त्याने एवढेच विचारले, की हे काम कोणी उतरवले? आम्ही फिटरकाकांकडे बोट दाखवले, आणि त्यांनी आमच्याकडे.

खर्चाचा हिशेब विचाराल तर तोही सांगतो. अशा गाडीला खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळी काढून ठेवावी. ज्याला ते जमत नसेल त्याने साधी, चार दारांची गाडी घ्यावी. हिवाळ्याचे टायर वेगळे लागतात. बर्फ असता ते वापरणे २०१० पासून बंधनकारक आहे आणि त्यांवर पर्वत व हिमकणाचे चिन्ह असावे लागते. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत ते चढवावे, असा येथील संकेत आहे. रस्त्यावर टाकलेले मीठ पत्र्याचा शत्रू असल्याने हिवाळ्यात गाडीचा तळ धुऊन घ्यावा. कित्येक हौशी लोक ठरावीक महिन्यांपुरतीच नोंदणी असलेली हंगामी नंबरपाटी घेतात. त्यामुळे कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा पडतो.

मायदेशी परतताना ही गाडी आणाल का, असेही विचारले जाते. ते शक्य नाही. भारतात सर्वसाधारणपणे आयात करावयाची जुनी मोटार तीन वर्षांहून अधिक जुनी असता कामा नये आणि तिचे स्टीअरिंग उजवीकडे असावे लागते. आमची दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. भारतातील हौशी तरुणांनीही एक लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाईल असा फेरफार तेथेही निषिद्ध आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब अधोरेखित केली आहे. कायदा दोन्हीकडे आहे. पाळण्याची सवय ज्याने त्याने लावून घ्यावयाची.

जर्मनीत तीस वर्षे पूर्ण केलेली, मूळ रूपाच्या जवळ असलेली आणि नीट जपलेली गाडी ऐतिहासिक ठेवा म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरपाटीवर अखेरीस एक खास अक्षर येते. ही सोय १९९७ पासून आहे. आमची गाडी २०३१ साली त्या वयास पोचेल. म्हणूनच काढलेला प्रत्येक मूळ भाग आम्ही चिठ्ठी लावून पेटीत ठेवला आहे. तेव्हा आम्ही येथे असू की बडोद्यास, हे आज सांगता येत नाही. गाडी कोणाच्याही हाती गेली तरी तिच्यासोबत पावत्यांची एक जाड वही जाईल. तिच्यात त्या चिरेचे छायाचित्र आहे, वेल्डिंगचे बिल आहे, आणि कोणत्या तारखेस कोणता भाग कोणी बसवला याची नोंद आहे. जुनी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करताना तिच्याबद्दलचे सत्यही स्वाधीन करावे, एवढेच आम्ही या छंदातून शिकलो. आणि आमच्या समजुतीप्रमाणे संसाराला तेवढे पुरेसे आहे.